एक नंबरच्या मशीनचा ताप

१

समोरच्या किल्ल्याचं दार फुटायला शेवटचा एक धक्का उरला होता, आणि नेमकं तेव्हाच एक नंबरचं मशीन मेलं.

मेलं म्हणजे मेलंच. पडदा काळा, आतला पंखा गप्प, बटणावरचा हिरवा दिवासुद्धा विझलेला. बाकीची चार मशीनं मात्र मजेत चालू होती, त्यामुळे लाईट गेली असं म्हणून हात झटकायचीही सोय नव्हती. एक नंबरवर बसलेला कचरू दिवसभर भोकरदनच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा, आणि संध्याकाळी या गेममध्ये सगळ्या तालुक्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो माऊस तसाच मुठीत धरून बसला.

"संपलं," तो म्हणाला. "इंजन गरम होऊन बंद पडल्यावानी झालं बघा. डब्याला हात लावून पाहा, भाकर भाजती का न्हाई."

कौसल्या काउंटरवरून उठली. जाफराबादच्या बसस्टँडमागच्या गाळ्यात तिचं हे नेट कॅफे दोन वर्षं चालत होतं. पाच मशीनं, सुताराकडून करून घेतलेली टेबलं आणि प्रत्येक टेबलाखाली सीपीयूचा डबा ठेवायला एक अंधारा कप्पा. साल दोन हजार सात. तालुक्याला ब्रॉडबँड येऊन वर्ष झालं नव्हतं, आणि येत्या रविवारी जाफराबादची चार पोरं जालन्याच्या चार पोरांशी इथं बसून ऑनलाइन मॅच खेळणार होती. अख्खं गाव त्याच्याबद्दल बोलत होतं. ज्यांना माऊस कुठून धरायचा ते ठाऊक नव्हतं, ती माणसं जास्तच बोलत होती.

तिनं डब्याला हात लावला आणि लगेच मागं घेतला.

"तिसरी बारी," दारातून आवाज आला. तिचे मोठे दीर काकासाहेब उभे होते. गाळा त्यांच्या नावावर होता आणि तिथं खत-बियाण्याचं दुकान टाकायची त्यांची इच्छा त्यांनी कधी लपवली नव्हती. "मंगळवारी बंद पडलं, काल पडलं, आज बी पडलं. अन् ह्यो नागपूरहून कधी आला? मंगळवारी. बराबर हाय का न्हाई?"

'ह्यो' म्हणजे वसंता हिवाळे. कॅफेची मशीनं सांभाळणारा. दसऱ्याला तो दरवर्षी दीक्षाभूमीवर जायचा, यंदाही गेला होता. कौसल्येला मेल कसा पाठवायचा इथपासून सगळं शिकवलं ते त्यानं.

"काकासाहेब, म्या काय बी केलं न्हाई," वसंता म्हणाला. "उलटं दोन दिवसांपासून तेच शोधून राह्यलो."

"मच्छिंद्र तुला त्याच्या कॅफेत बोलवून राह्यला, हे खरं का खोटं?"

"खरं हाय."

"मंग झालं तर." काकासाहेबांनी हात पुढं केला. "चाव्या."

वसंतानं कौसल्येकडे पाहिलं. तिनं काहीतरी बोलायला हवं होतं, पण ती बोलली नाही. चाव्यांचा जुडगा काकासाहेबांच्या खिशात गेला.

"रविवारी मॅचमधी मशीन बंद पडलं, तर सोमवारी ह्यो इथं दिसायला न्हाई पायजे," ते म्हणाले. "न्हाई तर तू गाळा खाली कर, कौसल्या."

ज्याच्या हातातून एकदा चाव्या काढून घेतल्या, त्याच्या हातात जाफराबादेत पुन्हा कुणी चाव्या देत नाही. कौसल्येला हे चांगलं माहीत होतं. काही बिघडलं की बोटं आधी वसंताकडेच का वळतात, हेही तिला माहीत होतं. गावात ते कुणी तोंडानं बोलत नाही, एवढंच. त्या संध्याकाळी तिला स्वतःचीच लाज वाटली.

२

शुक्रवारी सकाळी उषाबाई आल्या. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. अर्ध्या तालुक्याला त्यांनी सुया टोचलेल्या, म्हणून अजूनही सगळे त्यांना सिस्टरबाईच म्हणत आणि थोडे बिचकूनच असत. सुरतेला असलेली लेक त्यांना नातवाचे फोटो मेलवर पाठवायची आणि वसंता ते उघडून द्यायचा. आज वसंता बाहेरच्या पायरीवर बसला होता.

"हा बाहेर का?" त्यांनी विचारलं.

कौसल्येनं सगळं सांगितलं. सांगता सांगता डोळे भरून आले तर सिस्टरबाईंनी पदर पुढं केला नाही, पिशवीतून वही काढली.

"ताप कधी येतो?"

"कुणाला?"

"मशीनला गं. गरम होतं म्हणजे ताप आला. ताप हा काही रोग नसतो, आत कायतरी बिघडलं हे सांगायला येतो. कवा येतो, काय केल्यावर येतो, कवा उतरतो, ते आधी लिहायचं असतं. तुम्ही मात्र पेशंट तपासायचा सोडून दवाखान्याच्या नोकराला बाहेर बसवलं."

सिस्टरबाईंनी वसंताला आत बोलावलं.

"मेल बघताना बंद पडतं का?"

"न्हाई. मेल, निकाल, टायपिंग, काय बी करा. दिवसभर थंडगार. फकस्त गेम खेळताना. पंधरा-वीस मिनिटांत जातं."

"गेममधी काय वेगळं?"

"मशीनला पळावं लागतं, सिस्टरबाई. गरम होतं म्हणून आतला पंखा बी जोरानं फिरतो. घर्रघर्र आवाज येतो. अन् बंद पडायच्या आधी," वसंता थांबला, "आवाज बसतो. तोंडावर हात ठेवून कुणी बोलल्यावानी."

सिस्टरबाईंनी तेवढं वाक्य लिहून त्याच्याखाली रेघ ओढली.

"दुसरी मशीनं?"

"ती बी गेम खेळतात. त्यांना काय होत न्हाई."

"दसऱ्याला दुकान उघडलं होतं का?"

"पूजेपुरतं," कौसल्या म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची आणि काकासाहेबांना भाऊजी. "मी घरी पुरणाच्या खटाटोपात होते. भाऊजींनी येऊन नारळ फोडला. आत्याबाई होत्या. संध्याकाळी मच्छिंद्र सोनं द्यायला आला, इथंच एक नंबरच्या खुर्चीवर बसला. आणि आदल्या दिवशी जालन्याहून साहेबराव येऊन एक नंबरमध्ये गेमसाठी नवीन कार्ड बसवून गेला."

"पूजेत मशीनवर काय काय वाहिलं?"

कौसल्येला तशातही हसू आलं. "काही नाही. यंदा मी आधीच बजावलं होतं. मागच्या दसऱ्याला आत्याबाईंनी सीडीचा ट्रे बाहेर आला तो पाहिला, आणि नैवेद्याचा पेढा त्याच्यावर ठेवून ट्रे आत ढकलला. साहेबरावला पेढा काढायला दोन तास लागले. मी तेव्हा सगळ्या पोरांसमोर आत्याबाईंवर ओरडले."

"अन् आत्याबाई?"

"काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून मशीनला हातही लावत नाहीत. रोज येऊन लक्ष्मीच्या फोटोला उदबत्ती लावतात, तेवढंच."

सिस्टरबाईंनी वही मिटली. "तुझ्याकडं गिऱ्हाइकांची नावं लिहायचं रजिस्टर असतं ना? सोमवारचं पान काढ."

"सोमवारी काहीच झालं नव्हतं. बिघाड मंगळवारपासून."

"काढ तर."

कौसल्येनं पान काढलं आणि तिचा हात तिथंच थांबला. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: कचरू, मशीन एक, चार चाळीस. पुढच्याच ओळीत: कचरू, मशीन तीन, पाच वाजता.

३

"सोमवारी?" काळीपिवळीच्या खिडकीतून कचरूनं डोकं बाहेर काढलं. जीप अजून भरली नव्हती, म्हणून त्याला वेळ होता. "हो, सोमवारी बी बंद पडलं होतं. म्या म्हणलं लोडशेडिंगचा झटका असंल. तीन नंबरवर जाऊन बसलो."

"वसंता तेव्हा कुठं होता?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"त्यो तर नागपूरहून आलाच नव्हता. मंगळवारी माझ्याच जीपमधी भोकरदनहून आला की."

सोमवारी मशीन बंद पडलं होतं, आणि ते कौसल्येनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं. चाव्या मात्र मंगळवारी परत आलेल्या माणसाकडून काढून घेतल्या.

"मी आत्ताच भाऊजींना जाऊन सांगते."

"सांगून काय म्हणतील? जाण्याच्या आधीच कायतरी करून गेला असंल, म्हणतील. मशीन बरं झाल्याबगर त्यांचं समाधान होणार न्हाई. चल."

मच्छिंद्रचं कॅफे स्टँडच्या पलीकडच्या बाजूला होतं. तीन मशीनं, एक झेरॉक्स आणि भिंतीवर हातानं रंगवलेला भलामोठा माऊस. सिस्टरबाईंना पाहून तो उभाच राहिला. लहानपणी गोवराच्या वेळी त्यांनीच त्याला वाचवलं होतं, आणि सुयाही त्यांनीच टोचल्या होत्या.

"तुझं नाव निघून राह्यलं," त्या म्हणाल्या.

"सिस्टरबाई, आईशप्पत. वसंताला म्या दोनदा इचारलं, खोटं कशाला बोलू. दोन्ही टायमाला न्हाईच म्हणला. कौसल्याताईचं दुकान उभं राहू दे, मंग बघू, असं म्हणला. मला त्याचा रागच आला." तो डोकं खाजवत म्हणाला. "अन् त्यांचं मशीन बंद पाडून माझा फायदा काय? रविवारची मॅच बघायला गाव जमणार, झेरॉक्सवाल्याला बी दोन गिऱ्हाइकं भेटतात."

"दसऱ्याला तू त्या खुर्चीत बसला होतास. काय दिसलं?"

"काय दिसणार. उदबत्तीचा वास होता. अन् तुळजाकाकू टेबलाखाली वाकून उठल्या. म्या म्हणलं काय शोधता, तर म्हणल्या सुपारी पडली."

सिस्टरबाईंनी मान हलवली. कौसल्येला त्यात काही विशेष वाटलं नाही. तुळजाकाकू म्हणजे आत्याबाईच, आणि त्यांच्या हातून सुपारी नेहमीच पडायची.

साहेबराव संध्याकाळच्या बसनं जालन्याहून आला. हार्डवेअरचं काम करणारा, नीटनेटका, बोलायला तिखट. आल्या आल्या त्यानं डबा कप्प्यातून ओढला, टेबलावर घेतला, उघडला, फुंकर मारली.

"काय न्हाई. बुधवारी बी हेच सांगितलं. मशीन फर्स्टक्लास हाय. पंखा फिरून राह्यला, कार्ड बराबर हाय, धूळ न्हाई. मला काय दर दोन दिवसाला इथं यायची हौस न्हाई, ताई. खर्चा तुमचाच होतो."

"बुधवारी काहीच सापडलं नाही?" कौसल्येनं विचारलं.

"काय न्हाई. पंख्याच्या जाळीत एक धागा अडकला होता, तेवढाच." त्यानं हत्यारांच्या डबीतून कागदाची पुडी काढली. "मला वाटलं कुणाच्या राखीचा असंल."

पुडीत बोटभर लांबीचा जरीचा धागा होता. काकासाहेब नेमके तेव्हाच आत आले. त्यांनी तो उजेडात धरला.

"म्हंजी कुणीतरी मुद्दाम टाकला," ते म्हणाले. "आता बोल, वसंता."

४

वसंतानं तोंड उघडायच्या आत सिस्टरबाई बोलल्या.

"एवढ्या धाग्यानं पंखा थांबत असता तर मशीन मेल बघताना बी मेलं असतं. काकासाहेब, उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. बत्तीस वर्षांत तुमच्या घरची सात बाळंतपणं केली, एक दिवस मागून राह्यले."

काकासाहेबांनी धागा टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले. बाळंतपणांचा विषय निघाला की ते कुठंच थांबत नसत.

शनिवारी दुपारी लोडशेडिंग संपल्यावर तपासणी सुरू झाली. वसंतानं मशीनमध्ये एक छोटा प्रोग्राम टाकला. मशीनच्या आत किती डिग्री गरमी आहे ते तो पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायचा. सिस्टरबाई चष्मा सावरून तो आकडा बघतच राहिल्या.

"मशीन आपला ताप आपणच सांगतं? आमच्या टायमाला पेशंट असे असते तर."

त्यांनी वहीत आडव्या-उभ्या रेघा मारून तक्ता केला, दवाखान्यात विषमज्वराच्या पेशंटच्या खाटेला लटकवायच्या तसाच. आधी डबा टेबलावर उघड्यावर ठेवून कचरू गेम खेळला. दर पाच मिनिटांनी कौसल्येनं आकडा लिहिला. अठ्ठावन्न. साठ. एकसष्ट. तासभर झाला तरी एकसष्ट. रात्री मुक्कामाला थांबलेला साहेबराव मिशीतल्या मिशीत हसत होता.

मग डबा खाली कप्प्यात गेला. पाच मिनिटांनी बासष्ट. दहा मिनिटांनी त्र्याहत्तर. पंख्याचा आवाज चढला, घर्रघर्र झाली, आणि मग वसंतानं सांगितलं होतं तसाच तो बसला. शहाऐंशी. पंच्याण्णव. पडदा काळा.

"कप्प्यात हवा कमी असंल," साहेबराव म्हणाला. त्याचं हसू मात्र गेलं होतं.

"मंग बाकीच्या चार कप्प्यांत बी कमीच हाय. सुतार एकच, लाकूड एकच, माप एकच," वसंता म्हणाला. "अन् ह्याच कप्प्यात हे मशीन दसऱ्यापर्यंत दोन वर्षं चाललं."

"म्हणजे नवीन कार्ड," कौसल्या म्हणाली. तिला आता कुणावर तरी खापर फोडायची घाई झाली होती. "ते बसवल्यापासून गरमी जास्त होत असेल."

साहेबरावची मान ताठ झाली. सिस्टरबाई मात्र तक्त्याकडे बघत होत्या.

"आमच्या वॉर्डात एक खाट होती," त्या हळूच म्हणाल्या. "तिच्यावर जो झोपायचा त्याला रात्री खोकला यायचा. डॉक्टर पेशंटला तपासायचे, औषधं बदलायचे. एक दिवस म्या दोन पेशंटच्या खाटा बदलल्या. खोकला खाटेसंगं राहिला. वरच्या पत्र्यातून कबुतरांची घाण पडत होती." त्यांनी वर पाहिलं. "वसंता, तीन नंबरचा डबा आण. त्याच्यात नवीन कार्ड न्हाई ना? त्याला एक नंबरच्या कप्प्यात घाल. अन् एक नंबरला तीनच्या."

अर्ध्या तासात निकाल लागला. एक नंबरचं मशीन, नवीन कार्डासकट, तीनच्या कप्प्यात चौसष्टवर शांत चालत राहिलं. तीन नंबरचं बिचारं साधं मशीन, ज्यानं दोन वर्षांत कधी तक्रार केली नव्हती, ते एक नंबरच्या कप्प्यात गेल्यावर पंचवीस मिनिटांत मेलं.

"पेशंट बरा हाय," सिस्टरबाई म्हणाल्या. "खाटेत खोट हाय. काकासाहेबांना बोलवा. मच्छिंद्रला बी. अन् तुळजाबाईंना म्हणावं, जरा येऊन जा."

५

सगळे जमले. काकासाहेब काउंटरला टेकून, मच्छिंद्र दाराशी, साहेबराव हत्यारांच्या पिशवीवर हात ठेवून. कौसल्येच्या सासूबाई, तुळजाबाई, नेहमीसारख्या आल्या, लक्ष्मीच्या फोटोला हात जोडले, जाता जाता एक नंबरच्या टेबलालाही हात लावून तो कपाळाला लावला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या.

"मशीन बरं हाय ना गं?" त्यांनी सुनेला विचारलं. या आठवड्यात त्या रोज हेच विचारत होत्या.

"साहेबराव," सिस्टरबाई म्हणाल्या, "दोन्ही टायमाला तू डबा बाहेर काढून तपासलास. कप्प्यात डोकावलास का?"

"कप्प्यात काय बघायचं? लाकूडच तर हाय."

"म्हणून तर. सगळे डब्याकडं बघून राह्यले. कचरू, गेम लाव. डबा आतच राहू दे. वसंता, पंख्याचा आवाज बसला की सांग."

दहा मिनिटं गेली. घर्रघर्र वाढली. मग ती दबली, आणि वसंता म्हणाला, "बसला."

सिस्टरबाई गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या आणि त्यांनी बॅटरीचा झोत कप्प्यात टाकला. "ये, बघ."

कौसल्या वाकली. डब्याच्या डाव्या अंगाला, जिथं आतला पंखा बाहेरची हवा ओढून घेतो त्या जाळीवर, गडद लाल कापड घट्ट चिकटलं होतं. कापडाचं वरचं टोक कप्प्याच्या फळीतल्या खिळ्याला होतं. कडेला जर चमकत होती.

"बंद कर," सिस्टरबाई म्हणाल्या. कचरूनं मशीन बंद केलं, पंखा थांबला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते कापड जाळीवरून सुटून अलगद फळीला जाऊन टेकलं. गडद लाकडावर गडद लाल. डबा बाहेर ओढला तरी त्या अंधारात ते कुणालाच दिसलं नव्हतं.

वसंतानं हात घालून ते काढलं. लुगड्यावर घालायच्या चोळीचा खण होता तो, जरीच्या काठाचा, कोरा. खालच्या टोकाला गाठ बांधलेली.

"करणी," काकासाहेबांचा आवाज बदलला. "दुकानावर करणी केली कुणीतरी. अन् ह्याच्याबगर कप्प्यात हात कुणाचा जातो?"

बोट पुन्हा वसंताकडे गेलं.

६

या वेळी कौसल्या मध्ये उभी राहिली.

"भाऊजी, बस. मशीन पहिल्यांदा सोमवारी बंद पडलं. रजिस्टरमध्ये माझ्या हातानं लिहिलेलं आहे. वसंता मंगळवारी आला. आणि शुक्रवारी नागपूरला जाण्याआधी त्यानं काही केलं असतं, तर गेल्या शनिवारी कार्ड बसवताना साहेबरावसमोर याच कप्प्यात ठेवून दोन तास गेम चालवून पाहिली, तेव्हा का नाही बंद पडलं? हो ना, साहेबराव?"

"हो. कप्प्यात ठेवूनच चालवली. बिलकुल ठीक होतं."

"म्हणजे शनिवारी ठीक, सोमवारी बिघाड," सिस्टरबाई म्हणाल्या. "मधी फकस्त दसरा. त्या दिवशी वसंता नागपूरला. काकासाहेब, तुम्ही नारळ फोडला तो बाहेर पायरीवर. मच्छिंद्र खुर्चीत बसला, त्याला चहा देऊन घालवला." त्यांनी खण हातात घेऊन गाठ सोडली. तळहातावर तांदूळ पडले, एक हळकुंड, एक सुपारी, एक खारीक. "अन् ही करणी न्हाई. वाईट करणारा ओटी भरून जात न्हाई. ज्यानं हे ठेवलं त्याला ह्या मशीनचं भलंच पाहिजे होतं. पाचात एकाच मशीनची ओटी का भरली? तर हे दुकानात पहिलं आलेलं. पोळ्याला बैल कितीही असले तरी पहिला मान एकाचाच असतो. अन् लपवून का ठेवली? कारण उघड ठेवली असती तर कुणीतरी ओरडलं असतं."

कौसल्येला ते शब्द कानाखाली बसल्यासारखे लागले. तिनं वळून पाहिलं.

तुळजाबाई स्टुलावरून उठल्या होत्या. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"म्या ठेवला," त्या म्हणाल्या. "ह्या मशीननं माझ्या सुनेला चार लोकांत उभं केलं. त्याची ओटी भरायची न्हाई तर कुणाची भरायची? मागल्या वर्षी चुकलं माझं, पेढा आत गेला. म्हणून यंदा आत काय बी घातलं न्हाई. बाहेरून, बाजूला, खिळ्याला लावला. कुणाला दिसू नये म्हणून." त्या थांबल्या. "ते बंद पडून राह्यलं तर मला वाटलं, माझ्या ओटीनंच अजून जीव धरून हाय. रोज इचारायची. ह्या खणानं त्याचा दम कोंडला, हे मला काय ठाऊक? अन् ह्या पोरावर आळ आला."

कौसल्या सासूजवळ गेली आणि तिनं त्यांचे दोन्ही हात धरले.

"चूक माझी आहे, आत्याबाई. मी पोरांसमोर तुमच्यावर ओरडले नसते तर तुम्ही लपवलं नसतं. विचारलं असतं. आणि वसंता, गुरुवारी मी गप्प बसले. तुला मी दोन वर्षं ओळखते, तरी गप्प बसले."

वसंता खणाची घडी घालत राहिला, काठाला काठ जुळवून, उगाचच सावकाश.

"आजी," शेवटी तो म्हणाला, "मशीनला बी नाक असतं. ते कुठं हाय ते तुम्हाला दाखवतो, बसा. तेवढं सोडून कुठं बी खण लावा."

तुळजाबाई त्याच्या शेजारी खाली बसल्या, आणि वसंतानं डबा उघडून त्यांना पंखा दाखवला, हवा कुठून आत जाते, गरम होऊन कुठून बाहेर पडते. त्यांनी बाहेरच्या जाळीवर तळहात धरला.

"श्वासच की रे," त्या म्हणाल्या.

७

रविवारी गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मच्छिंद्रनं स्वतःचं दुकान बंद ठेवून चार खुर्च्या आणून टाकल्या. सिस्टरबाई एक नंबरच्या बाजूला तक्ता घेऊन बसल्या होत्या, आणि पोरं खेळाकडे बघण्याऐवजी मधूनमधून त्यांनाच विचारत होती, "ताप किती?"

"त्रेसष्ट," त्या सांगायच्या. "गुमान खेळा."

पहिला किल्ला जालन्यानं घेतला. दुसरा जाफराबादनं. तिसऱ्याला चाळीस मिनिटं लागली. दार फुटायला शेवटचा एक धक्का उरला तेव्हा सगळ्या गर्दीचं लक्ष पडद्यावरून निसटून टेबलाखाली गेलं. पंखा घर्रघर्र करत होता. आवाज बसला नाही. कचरूनं दार फोडलं, आणि जो आरडाओरडा झाला तो म्हणे स्टँडवर उभ्या असलेल्या भोकरदन बसच्या कंडक्टरनंही ऐकला आणि बस पाच मिनिटं थांबवली.

गर्दी पांगल्यावर काकासाहेब आले. चारचौघांत कबूल करायची त्यांना सवय नव्हती. खिशातून चाव्या काढून त्यांनी काउंटरवर ठेवल्या, कौसल्येपुढं, वसंताकडे न बघता.

कौसल्येनं त्या उचलल्या नाहीत. तुळजाबाईंनी उचलल्या. कनवटीला खोचलेली खणाची चिंधी काढली, जरीच्या काठाची. त्याच खणातून त्यांनी सकाळी ती फाडून घेतली होती. ती त्यांनी जुडग्याच्या कडीला बांधली, गाठ दातानं घट्ट केली आणि चाव्या थोरल्या लेकाच्या हातात परत दिल्या.

"ज्याच्याकडून घेतल्या त्याच्याच हातात दे," त्या म्हणाल्या. "अन् तोंडानं बोल."

काकासाहेबांनी जरीच्या गाठीवरून अंगठा फिरवला. मग ते वळले आणि चाव्या वसंतापुढं धरल्या.

"माझी चूक झाली, वसंता," ते म्हणाले. "उद्या टायमावर उघड."

"उघडतो," वसंता म्हणाला.

त्यानं चाव्या घेतल्या, एक एक मशीन बंद केलं आणि शेवटी वाकून पाचही कप्प्यांत बॅटरीचा उजेड फिरवला.